निर्गंध हात

बूशता तांबट गेला तेव्हा फेस शहरातल्या त्या गल्लीत घरोघरी अर्कासाठी नारिंगीची फुलं उकळत होती. मरायलाही हंगाम पाहावा, पण तांबटाला एवढी समज कुठली! त्याच्या मागे म्हातारी आई बत्तूल उरली आणि बायको यामना. यामनाच्या अंगावर पांढरे कपडे चढले. चार महिने दहा दिवस विधवेनं काजळ घालायचं नाही, अत्तर लावायचं नाही, सुगंधी वस्तूला बोटही लावायचं नाही.

अडचण अशी, की यामनाचा संसारच सुगंधात बुडवलेल्या बोटांवर चालत आला होता. हम्मामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, वाफेत बायकांची अंगं चोळून देणं हे तिचं काम, आणि नारिंगीच्या फुलांचं तेल ही तिची ख्याती. तेल हातांत इतकं मुरलेलं, की वास जाईना. तिनं राखेनं हात घासले, मातीनं घासले, शेवटी लिंबानं घासले. मग लिंबाचा वास सुगंधात मोडतो का, यावर शेजारणींनी दुपारभर खल केला. निकाल लागला नाही. हात मात्र सोलवटले.

खरा घोर बत्तूलचा होता. मुलाला मूठमाती दिल्यापासून म्हातारीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. रडलीही नव्हती. मान लाकडासारखी ताठ, जबडा आवळलेला. चमच्यानं घातलेलं सूप उशीवर ओघळायचं. डॉक्टरांच्या झोपेच्या गोळ्या ती पुदिन्याच्या कुंडीत थुंकायची. घरात शांत झोपलेला असा तो पुदिनाच. वीस वर्षं दर गुरुवारी यामनानं त्याच तेलानं तिची मान चोळली होती. त्या वासाशिवाय सैल पडायचं ते शरीर विसरून गेलं होतं. आता दिवसागणिक म्हातारी विझत चालली होती, आणि ती गेली की यामनाला ‘अगं’ म्हणणारं कुणीच उरणार नव्हतं.

यामनानं साधं ऑलिव्हचं तेल लावून पाहिलं.

“मला तळायला काढलंयस का गं?” बत्तूल दातांतून म्हणाली.

“लल्ला, अंग सैल सोडा ना. पाया पडते तुमच्या.” सासूला यामना मानानं लल्लाच म्हणायची.

“सोडलं की तो दिसतो.”

मशिदीतल्या फकीहांना, धर्मशास्त्राच्या जाणकारांना, विचारल्यावर त्यांनी सांगून पाठवलं: आईचं सुतक तीनच दिवसांचं, तिला सुगंधी तेल चालेल, सुनेनं मात्र त्यात हात घालू नये. म्हणजे औषधाला परवानगी होती, हातांना नव्हती.

शेवटी तिनं शाइबियाला बोलावलं. ही हम्मामातलीच, यामनाची गिऱ्हाइकं सध्या तिनं मोठ्या मनानं सांभाळायला घेतली होती. ती तेलाची बाटली घेऊन आत गेली. यामना पडद्याबाहेर अंगणात बसली.

“खांद्याच्या पात्यामागून घे. हळू. अंगठ्यानं नको, तळव्यानं.”

“मी काय आज शिकतेय होय?”

“या अल्ला,” बत्तूल कण्हली, “हात आहेत की जातं?”

पडद्याखालून वास आला. यामनानं ओढणी नाकावर दाबली. आत म्हातारीचा श्वास अडकत होता, मधेच थांबत होता.

“ही आणखीच आवळतेय,” शाइबियाचा आवाज चिरकला. “यामना, ओठ काळे पडताहेत गं हिचे!”

यामना पडदा सारून आत आली. तेलानं चमकणाऱ्या त्या मानेपुढे ती क्षणभर उभी राहिली.

“नको,” बत्तूल पुटपुटली. “सुतकात आहेस तू. माझ्या लेकाच्या.”

“असू दे.”

तिनं दोन्ही तळवे मानेवर टेकवले. कानामागची गाठ तिच्या बोटांना न शोधता सापडली. ती दाबत राहिली, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून दाबत राहिली. बऱ्याच वेळानं गाठ हलली आणि म्हातारीच्या घशातून जनावरासारखा आवाज फुटला. मग बत्तूल रडली, बूशताचं नाव घेऊन, लाज सोडून रडली. रडता रडता तिची मान यामनाच्या हातात कलंडली आणि ती घोरायला लागली.

शाइबियानं हात पुसले. “मी नाही हं कुणाला सांगायची,” ती म्हणाली. संध्याकाळच्या आत सगळ्या हम्मामला कळणार, हे एवढ्यावरून नक्की झालं. नवऱ्याच्या सुतकात सुगंध लावणारीच्या हाती यापुढे कोण बाई आपलं अंग देणार होती? शाइबियामागे धावायला हवं होतं, हात जोडायला हवे होते. गल्लीतल्या फरशीवर शाइबियाची पावलं घाईनं वाजत गेली. यामना उठली नाही. हात काढले असते तर म्हातारी जागी झाली असती.