आबांचा हात आणि टँकरचं ताट

दुष्काळाच्या त्या वर्षांत पडेगावातली आमची वसाहत नुकती उभी राहत होती. चार घरं, मग मोकळा प्लॉट, पुन्हा दोन घरं, असा विस्कळीत कारभार. पाणी टँकरचं, आणि तो कधी येणार हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसे. म्हणून बायकांनी युक्ती काढली होती. टँकर दौलताबाद रस्त्यावरून आत वळला की कोपऱ्यावरच्या आमच्या घरातून उलथन्यानं ताट वाजायचं. ते ऐकून पलीकडच्या काकू आपलं ताट वाजवायच्या, मग त्यांच्या पुढचं घर. अशी बातमी शेवटच्या गल्लीपर्यंत जायची.

पहिलं ताट माझ्या वडिलांचं, आबांचं. देवगाव रंगारीची शेती भावाकडे सोपवून ते शहरात आले होते. ओट्यावर बसून हे काम ते असं मिरवायचे, जणू कलेक्टरनंच नेमणूक केली आहे!

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. ताट आईकडे गेलं.

"डाव्या हातानं वाजवा की," ती म्हणाली.

"डाव्या हातानं? नाय."

डॉक्टरांनी रोज बोटं मिटायला-उघडायला सांगितली होती. आबांनी थोडे दिवस केलं आणि सोडून दिलं. "बिघाड डोक्यात हाय म्हनतात, मग हाताला कशाला राबवायचं?" मला असा संताप आला! खरं तर भीती वाटत होती. हात तसाच राहिला तर हा माणूस ओटा सोडून आतल्या खोलीत जाईल आणि तिथलाच होईल.

मी क्रांती चौकाजवळच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मज्जापेशींची सुबक चित्रं काढून मी समजवायला बसले. आबा घोरायला लागले. मी चिडून ताट त्यांच्या पुढ्यात आदळलं, तसं घोरणं थांबलं.

"आबा, डोक्यातल्या पेशी आपल्या घरांसारख्या. एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे फट असते. पेशीच्या आत निरोप विजेसारखा पळतो आणि फटीपाशी अडतो. तिथं ती पेशी जरासं रसायन सोडते. ते पलीकडे पोचलं की पुढची पेशी जागी होते आणि आपलं ताट वाजवते."

आबांनी डोळे उघडले. "अन् मधलं घर बंद असलं तर?"

"काकू लेकीकडे गेल्या होत्या, तेव्हा काय झालं?"

"आधी लई बोंब. मंग बातमी मागच्या गल्लीनं जायला लागली."

"तेच. तुमची काही घरं कायमची बंद झालीत. मागची गल्ली रोज वाजवल्याशिवाय सापडत नाही."

"मंग हे आधी सांगायचं ना, मास्तरीणबाई!"

दुसऱ्या दिवसापासून आबा उलथनं धरायला बसले. ते पडायचं, आबा त्याला शिव्या घालायचे, आई उचलून द्यायची. असे कित्येक आठवडे गेले.

एका दुपारी ओट्यावरून ठण् असा बारीक आवाज आला. मला वाटलं, मांजरानं काही पाडलं. पण आवाज थांबेना आणि काकूंनी तो ऐकला. आमचं ताट कितीही हळू वाजो, एकदा ऐकू आलं की काकू आपलं वाजवणार पूर्ण जोरानं. पेशींचंही असंच असतं. बघता बघता सगळी वसाहत हंडे घेऊन आमच्या दारात.

"आबा, टँकर कुठंय?" काकूंनी विचारलं.

आबांच्या उजव्या हातात उलथनं थरथरत होतं. "टँकर नाय. हात आला."

काकूंनी हंडा खाली ठेवला. "मग पुन्हा वाजवा, बघू द्या."

आबांनी वाजवलं. मी दाराआड उभी राहून रडत होते, आणि शेवटच्या गल्लीतल्या बायका अजून हंडे घेऊन पळत येत होत्या.