शेजारच्या अंगणातली शेगडी

नंदनवन कॉलनीतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या घरात अंडंही चालत नाही. पण त्यांच्या कुत्र्याला कॅन्सर झाला आणि केमो सुरू असताना तो जे खाईल ते द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून शेजारचे भाऊ मागच्या अंगणात शेगडी मांडून चिकन उकडतात, नाकाला दुपट्टा बांधून आणि तोंड फिरवून. "खा गा राजा, तुह्यापायी माहा धरम बुडाला," असं रोज ऐकवतात.

कुत्र्याच्या बरगड्या दिसू लागल्या तेव्हा मी स्पष्टच म्हटलं, "भाऊ, पुरे करा आता त्या केमोच्या सुया."

"तो खाऊन राहिला ना, वहिनी? मग मी काहून थांबू?"

काल कुत्र्याने वाटीकडे पाहिलंच नाही. भाऊंनी हाताने भरवून पाहिलं, रागावून पाहिलं. मग दुपट्टा सोडला, एक तुकडा स्वतःच्या तोंडात घातला आणि त्याला चावून दाखवला. "हे पाह्य, मी खाल्लं. आता तू खा."

कुत्र्याने त्यांचा हात चाटला आणि मान जमिनीवर टेकली.

मी कुंपणाशी उभी होते. भाऊ बराच वेळ चावत राहिले. थुंकतील असं वाटलं, पण त्यांनी घास गिळला.

"डॉक्टरले उद्या सांगतो, वहिनी," ते म्हणाले. "आता सुया नको."