मांडवीच्या पायऱ्या

कच्छच्या मांडवी बंदरातल्या एका म्हाताऱ्या सुताराचे उपकार आधी सांगतो, मग बाकीचं. लाकडी जहाजं बांधणारा मुसलमान माणूस. नाव विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. तो नसता तर माझी धाकटी बहीण एकटीच कराचीला गेली असती.

तिचा नवरा कराचीच्या बंदरात कामाला. तिला त्याच्याकडे पोचवायला मी निघालेलो. महाराजांच्या राज्यातली, कोल्हापूरची आम्ही माणसं. तिसरीतून शाळा सोडलेला मी, पंचगंगेपलीकडचं पाणी पाहिलेलं नाही. मुंबई सुटल्यापासून तिच्या पोटात थेंब ठरत नव्हता. मांडवीला बोट लांब समुद्रातच थांबली. माणसांना मचव्यातून गावात नेत-आणत होते.

"दादा, लिंबू मिळतंय का बघ की," ती म्हणाली. "आन् बिगीनं ये. हितलं कुणाचं बोलणं मला कळत न्हाय."

उतरताना मी खूण धरली: घाटाच्या दोन पायऱ्या पाण्याबाहेर. घरी आम्ही अशीच खूण धरतो. पंचगंगेवर सकाळी जेवढ्या पायऱ्या उघड्या, तेवढ्याच दुपारी.

लिंबं लगेच मिळाली. तिथूनच माघारी फिरायचं होतं. पण काठावर घराएवढं जहाज उभं राहत होतं, नुसत्या फासळ्या दिसत होत्या, आणि एक म्हातारा वाकसानं फळी तासत बसलेला. त्याच्या हाताकडं बघत किती वेळ उभा राहिलो, देव जाणे.

बोटीचा भोंगा झाला. पळत आलो तर समोर दहा-बारा पायऱ्या, खालच्या शेवाळलेल्या, आणि त्याखाली नुसता चिखल. हा दुसराच घाट म्हणून तसाच पुढं पळालो. एकाला विचारलं, "पावणं, मचव्याचा घाट कुठं हाय?" त्यानं मागं बोट दाखवलं. दुसऱ्यानंही मागंच. थट्टा करतात वाटून मी त्यांच्यावरच ओरडलो. दुसरा भोंगा झाला. इकडून तिकडं धावत पुन्हा त्या सुतारापाशीच आलो.

"अजून इथंच?" तो म्हणाला. रत्नागिरीला काम केलेला, मराठी येत होतं त्याला.

"चाचा, घाटच सापडंना! दोन पायऱ्यांचा! आमच्या नदीवर असं होत न्हाय!"

तो हसला. "अरे, ओहोटी लागली. घाट तोच, पाणी उतरलं. तुमची नदी काय दिवसभर एका जागी बसते?"

"व्हय की!" मी रडतच म्हणालो. "बोटीवर बहीण हाय ओ माझी, एकटी!"

त्याचं हसू गेलं. वाकस टाकून त्यानं माझं मनगट धरलं आणि चिखलात ओढलं. मचवा केव्हाच गेलेला. माझ्या वहाणा रुतल्या. "राहू दे!" तो ओरडला. चिखलात बसलेली त्याची होडी आम्ही छातीनं ढकलत पाण्यात नेली. म्हातारा वल्ही मारत राहिला. बोटीचा नांगर वर येत होता. म्हातारा उभा राहून बोंब मारत सुटला, तेव्हा वरून शिडी सोडली.

कठड्याला बहीण गाठोडं उराशी धरून उभी. "कुठं मेलतास?" एवढंच म्हणाली आणि हुंदके देत बसली. माझ्या मुठीत लिंबाचा चोथा झालेला. वळून बघतो तर होडी लांब गेलेली. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

मीही मग कराचीतच कामाला लागलो. अजून गावी जाणं झालेलं नाही. तोवर म्हातारा असेल का, हीच धास्ती. पण जाईन तेव्हा परत येताना गुळाची ढेप आणीन, मांडवीला उतरीन, आणि ती चाचांच्या हातात ठेवल्याशिवाय बोटीवर चढणार नाही.