सुलभाकाकींच्या आमटीची टेस्ट ड्राइव्ह

आमच्या शेजारच्या सुलभाकाकी जाऊन बरीच वर्षं झाली, पण वस्तू पारखून घ्यावी ती त्यांनीच! बादली घेतली तर दुकानातच पाणी भरून बघणार, चटई घेतली तर चक्क तिच्यावर आडव्या होणार. "दुकानदार काय आपला मेव्हणा लागतो? नीट बघूनच घ्यायचं!" असं म्हणत त्यांनी भाईंदरच्या बाजारात भल्याभल्यांना घाम फोडला होता. सोबत जायची मला लाज वाटायची, पण त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती?

काकी मूळच्या रत्नागिरीच्या. लग्नाबारशांची जेवणं करून द्यायच्या. काका एका कंपनीत ड्रायव्हर होते. ती बंद पडली आणि तो बोलका माणूस गॅलरीतल्या खुर्चीला चिकटला तो चिकटलाच. विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच. "दुसरी नोकरी मिळेल न मिळेल," काकी म्हणायच्या, "पण हा माणूस मला असा खुर्चीत घालवायचा नाही गो."

तेव्हा ते छोटे चारचाकी टेम्पो नवीनच निघाले होते. तीनचाकीपेक्षा भक्कम, ट्रकपेक्षा स्वस्त. भांडी न्यायला असा एक घ्यायचा आणि तो काकांनी चालवायचा, हे काकींनी परस्पर ठरवून टाकलं. काकांना आणि मला घेऊन शोरूमला निघताना बरोबर काय, तर काठोकाठ भरलेला आमटीचा टोप!

शोरूमचा माणूस गांगरला. "आंटी, टेस्ट ड्राइव्ह में दाल क्यूँ?"

"तेरा अ‍ॅव्हरेज तू देख, मेरी आमटी मैं देखेगी. सांड्या तो गाडी नापास!"

काका स्टिअरिंगवर, तो माणूस त्यांच्या शेजारी आणि मागे हौद्यात टोप धरून आम्ही दोघी. मोरवा गावाच्या दिशेने निघालो. काका इतके हळू चालवत होते की सायकलवालेही पुढे जात होते. काकी टोप सोडून मधल्या काचेतून त्यांच्याकडेच बघत होत्या. वाटेत मुर्धा गावाजवळ एक बकरी आडवी आली. काकांनी करकचून ब्रेक दाबला आणि अर्धी आमटी आमच्या मांडीवर! कोमट होती म्हणून वाचलो.

काकांनी गाडी बंद केली. झालं, मला वाटलं, आता हे उतरणार आणि परत कधी चाकाला हात लावणार नाहीत. पुढून बारीक आवाज आला, "सांडली काय गो?"

काकींनी माझा हात घट्ट दाबला. साडीवरून आमटी ओघळत होती.

"थेंबसुद्धा नाही!" त्या ओरडल्या. "ब्रेक काय झकास लागतोय! चला पुढे!"

मग गाडी सुरू झाली. पहिला गिअर पडला, दुसरा पडला. जरा वेळाने काका शेजारच्या माणसाला क्लचबद्दल काहीतरी समजावून सांगू लागले, मग कंपनीच्या जुन्या गाडीबद्दल, मग कुठल्याशा घाटाबद्दल. थांबायचं नावच नाही.

काकी पदर पिळायच्या थांबल्या.

"ऐकलंस गो?" त्या मला म्हणाल्या. "बोलतायत."