पाऊण अप्पाची अमावास्या

बोरतळच्या गुरुबसप्पाला सगळा गाव पाऊण अप्पा म्हणायचा, आणि तेही तोंडावर. कारण एकच. बॅटरी चार्जिंगला दिली की हा गृहस्थ ती कधी पुरी भरून देतच नसे.

विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, पट्ट्यानं त्याला जोडलेला, लातूरच्या भंगारातून आणलेला जनरेटर आणि भिंतीला टांगलेला चार्जर, एवढाच अप्पाचा कारखाना. लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात विजेचे खांब आले होते, पण तारेचा पत्ता नव्हता. खांबांना शेळ्या अंग घासायच्या. त्यामुळे रेडिओची, ट्रॅक्टरची, लग्नातल्या भोंग्याची बॅटरी असो, लोक ती डोक्यावर घेऊन अप्पाकडेच यायचे. अप्पा तीन तास इंजिन चालवायचा, काचेच्या नळीनं आतलं पाणी ओढून बघायचा आणि म्हणायचा, "पाऊण झाली. न्या."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं बरं का. बॅटरी पाऊण होईपर्यंत झपाझप भरते. उरलेला पाव भाग मात्र असा रेंगाळत भरतो की तेवढ्यासाठी दिवसभर इंजिन धडधडवायचं म्हणजे डिझेलचा निव्वळ धूर. अप्पा हे सगळ्यांना समजावून सांगे आणि पटत कुणालाच नसे. शेजारची केवळाबाई तर सरळ म्हणायची, "बाप दुकानदार, आजा दुकानदार. माप मारल्याबिगर ह्याला करमंल कसं?"

पण बॅटरी कायम पाऊणच राहिली तर आतल्या पत्र्यांवर पांढरा थर चढतो आणि ती मरते. म्हणून अमावास्येला, बैल सुटीवर असत त्या दिवशी, अप्पा गावातल्या बावीसच्या बावीस बॅटऱ्या ओळीनं मांडून दिवसभर काठोकाठ भरायचा. सात वर्षांत एक अमावास्या चुकली नव्हती.

जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात चुकली. पाऊस दगा देऊन गेला होता, विहिरीला कोरड पडली होती, आणि इंजिन गार ठेवायला पाणी लागतं. तीन तासांपुरतं पिंपातलं तेच ते पाणी फिरवून भागायचं. दिवसभर चालवायचं तर तापलेलं पाणी काढून गार ओतत राहावं लागे. ते आणायचं कुठून? टँकर घरटी दोन घागरी देई. दुसरी अमावास्या तोंडावर आली तशी अप्पाची झोप उडाली. आता चुकली तर बॅटऱ्या जाणार, त्यात आरोग्य उपकेंद्रातल्या महानंदा सिस्टरची बाळंतपणाच्या दिव्याचीही होती. आणि गाव म्हणणार, पाऊण अप्पानं मारल्या.

"तुम्ही नुसतं छताकडं बघून राहिलाव," त्याची बायको गंगम्मा म्हणाली. "लोकांकडून पाणी मागा की."

"प्यायला न्हाई त्यांना. इंजिनाला कोण देईल?"

"द्यायचं कुठं? गार आणायचं, ऊन करून न्यायचं. आंघोळीचं सरपण वाचतंय त्यांचं."

अप्पा ताडकन उठून बसला. इतकी वर्षं तो ते ऊन पाणी मातीत सोडत आला होता.

गंगम्मानं टँकरच्या रांगेतच बोलणं काढलं. बॅटरीमागं एक घागर गार आणा, संध्याकाळी एक घागर ऊन न्या. बाया विचारात पडल्या, तेवढ्यात केवळाबाई बोलली, "बॅटरी पाऊण देतोय, मग घागर बी पाऊणच की." सगळी रांग हसली.

चेष्टा अप्पाला कधी लागली नव्हती. ही लागली. तो पुढं होऊन म्हणाला, "काठोकाठ देईन, अक्का. एक जरी घागर कमी भरली तर उद्यापासून इंजिनाला हात लावणार न्हाई."

महानंदा सिस्टरनं पहिली घागर आणून ठेवली. मग एकेक करत बावीस झाल्या. कुणाच्या घरचं पाणी कुणाच्या अंगावर जाणार हे आता फक्त इंजिनाला माहीत होतं, आणि ते काही बोलत नव्हतं. सकाळपासून ते धडधडत राहिलं. चार वाजता बॅटऱ्यांतून भाताच्या आधणासारखा खदखदण्याचा आवाज आला. अप्पानं एकेक तपासली. भरल्या होत्या, सगळ्या. त्याचे डोळे पाणावले आणि त्यानं धुरावर ढकललं.

ऊन पाण्याचं वाटप सुरू झालं. पोरं तिथंच घागरीत बोटं बुडवून बघू लागली. एकोणीस घागरी भरल्या आणि पिंप संपलं. तीन घागरी वाफ होऊन आभाळात गेल्या होत्या. हिशेबात वाफ धरायचं अप्पाला सुचलंच नव्हतं. त्यानं गंगम्माकडे पाहिलं. ती उरलेल्या रिकाम्या घागरी घेऊन घरात गेली आणि मागच्या दारानं त्या भरून आणून देऊ लागली.

शेवटची घागर केवळाबाईची. तिनं काठ बघितला, पाणी अगदी वरपर्यंत होतं. मग हात बुडवला.

"ही गार कशी?"

अप्पा पान्हे पुसत बसला. आतून रांजणाच्या तळाला तांब्या खरवडल्याचा आवाज आला.

केवळाबाईनं तो आवाज ऐकला. मग घागर कमरेवर घेऊन ती तडक आत गेली आणि तिनं गंगम्माच्या रिकाम्या रांजणात पाणी ओतलं. सगळं नाही. बाहेर आली तेव्हा घागर काठापासून चार बोटं खाली होती.

"माझी पाऊणच असू दे, अप्पा," ती म्हणाली. "शेवटच्या पावासाठी एवढी वढाताण कशाला करायची?"

सात वर्षं तो घसा कोरडा करून जे सांगत होता तेच ती त्याला सांगत होती. अप्पाला हसू फुटलं. त्यानं उठून घागरीला हात लावला आणि ती तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर नीट बसवून दिली.