समोरचा कप

"बाबा, व्हिएतनाममध्ये सगळ्यात जास्त काय आवडलं?" लेक विचारते. मी नूडल्सचं सूप, नदीवरचे कंदील, रस्त्यांवरचा दुचाक्यांचा पूर असं काहीबाही सांगतो. खरं उत्तर म्हणजे तिथल्या लॉजवरची सकाळची कॉफी.

तिकिटं दोघांची काढली होती. निघायच्या दोन महिने आधी सुमा गेली. लॉजच्या बुकिंगमधून बायकोचं नाव काढणं माझ्याच्यानं झालं नाही. त्यामुळे पहिल्या सकाळी मालकीणबाईंनी माझ्यासमोर दोन कॉफ्या ठेवल्या. मी एक बोट दाखवलं, मग आभाळाकडे पाहिलं. बाईंनी दुसरा कप उचलला नाही. मला खुणेनं आत बोलावलं. तिथे भिंतीशी त्यांच्या यजमानांचा फोटो, पुढे उदबत्ती आणि कॉफीचा पेला. उदबत्ती विझली तशी ती गार कॉफी त्यांनी स्वतः पिऊन टाकली, रोजचंच काम असल्यासारखं.

आपण गेलेल्या माणसाला श्राद्धाच्या दिवशी पान वाढतो आणि कावळ्याची वाट बघत बसतो. या बाईंची यजमानांशी भेट रोज सकाळी होत होती.

आता घरी मी दोन कप चहा करतो. उदबत्ती लावत नाही. "अहो, घ्या ना, निवतोय!" म्हणून सुमा ओरडायची, गार चहाचा तिला भारी तिटकारा. त्यामुळे समोरच्या कपातून वाफ येते तोवर तो तिचा. तेवढा वेळ मी बोलत राहतो.

हल्ली थंडी पडलीय. चहा फार लवकर निवतो.