कढईची राखण

महाशिवरात्रीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी, जेवणाच्या वेळेला, आमच्या शेजारच्या कढईवाल्या बाईंवर अन्याय झाला. कोणी केला तेही सांगते. पण आधी बाई कशा होत्या ते ऐका, कारण गावात आता त्यांच्याबद्दल एकच वाक्य उरलंय, "तिचीच चूक", आणि बाई एका वाक्यात मावणाऱ्या नव्हत्या.

बोलताना त्या पदराचं टोक हातात घेऊन हवा घालायच्या. उकडत असो की थंडी असो. त्या टोकाचा रंग उडालेला. बाकीचं लुगडं हिरवं आणि टोक तेवढं पिवळट, कारण त्याच टोकाला त्या क्लोरीनचे हात पुसायच्या. मी त्यांच्या शेजारी खोली घेऊन राहते. कामगार संघटनेची पत्रकं वाटते, मोर्चे काढते. संध्याकाळी त्या कामावरून आल्या की आधी वास यायचा आणि मागून आवाज.

"काऊन वो पत्रकवाल्या बाई, आज कोणाच्या नावानं बोंबलून राह्यल्या?"

मी पत्रक पुढे करायची. त्या घडी घालून कमरेला खोचायच्या. "तुह्या कागदावर चूल लवकर पेटते," म्हणायच्या. मला राग यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायच्या.

जंगलाच्या गेटाजवळ एक रिसॉर्ट आहे. नाव लिहीत नाही, कारण आमच्या गावातली माणसं अजून तिथे कामाला आहेत. चंद्रपूरला उतरून वाघ बघायला जाणारे लोक तिथे राहतात. तिथे लाकडी ओट्यावर गरम पाण्याचा टब आहे. खालून बुडबुडे, वरून वाफ. चंद्रपूर जिल्ह्यात कोण पैसे देऊन गरम पाण्यात बसतं, असं तुम्हाला वाटेल. बसतात. पहाटेच्या सफारीत उघड्या जिप्सीत गारठलेले लोक परत आले की सरळ टबात शिरतात. बाईंनी त्या टबाला कढई म्हटलं, आणि मग साऱ्या गावानं तेच नाव उचललं.

"आज कढईत चार भजे होते," त्या अंगणात उभ्या राहून सांगायच्या. "त्यातला मोठा भजा तर तळून लाल झाला, तरी बाहीर निंगत नव्हता."

आधी त्या रिसॉर्टच्या बगिच्यात झाडलोट करायच्या. मग टबाचं काम त्यांच्याकडे आलं, आणि बाईंची मान ताठ झाली. नळावर बायकांना सांगायच्या, "तुमी भांडे घासा. मी पाणी घासतो." हे सांगताना चेहरा असा की जणू तहसीलदारीच मिळाली. त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. चुकीच्या गोष्टी त्या जास्त ठासून सांगायच्या. टबात उतरलेल्या बाईला पोर होत नाही, असं त्यांनी एका नव्या नवरीला सांगून रडवलं होतं. मी समजावलं तर म्हणाल्या, "तू लगन तरी केली का? मंग?"

आता ते पाणी कसं घासतात ते समजून घ्या, कारण सगळं तिथेच घडलं. लोक सफारीची धूळ, घाम आणि अंगाला चोपडलेलं क्रीम घेऊन तसेच पाण्यात उतरतात. आधी अंगावर पाणी घ्या अशी पाटी तिथे आहे. तुम्हीआम्ही पाट्या वाचतो का? रोज टाकलेलं क्लोरीन त्या घाणीपुढे थकतं. पाण्यावर फेस धरतो, पाणी धुरकट होतं, डोळ्याला झोंबणारा वास सुटतो. मग एकदम मोठी मात्रा टाकायची, पंप चालू ठेवायचा आणि झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे निघालेला वायू उडून जातो. याला शॉक देणं म्हणतात. क्लोरीनचा जोर उतरेपर्यंत पाण्यात कोणी जायचं नाही.

माणसांना हे सांगता येतं. वानरांना कोण सांगणार? नाले आटले की वानरांच्या टोळ्या पाणी दिसेल तिथे येतात, आणि रिसॉर्टमधलं सगळ्यात चकचकीत पाणी त्या टबाचं. एकदा एक वानर शॉकचं पाणी पिऊन ओट्याखाली ओकत बसलेलं बाईंनी पाहिलं. तेव्हापासून शॉक दिला की त्या लांब बांबू घेऊन तिथेच बसायच्या, झाकण परत लागेपर्यंत. शेतात राखणीला बसतात तशा. माहेरी त्यांनी हरभरा राखला होता, सासरी धान राखलं होतं.

"हे तुमचं काम म्हणून सांगितलंय का कोणी?" मी विचारलं.

"सांगन कोण? वांदराच्या तर्फे कोणी येऊन बोलते का?"

सांगितलेलं नव्हतंच. म्हणून मालकाच्या हिशेबी ते काम नव्हतं, बाईंचा छंद होता. पुढे वाचा, हा छंद कोणाला महाग पडला ते.

पाहुण्यांनी तक्रार केली की फोटोत मागे काठीवाली बाई येते. मॅनेजरनं बांबूच्या तट्ट्याचा आडोसा करून दिला आणि बाईंना त्याच्यामागे बसवलं. एका पाहुण्यानं आडोशामागे डोकावत विचारलं, "आंटी, शेर के लिए बैठे हो?" बाई म्हणाल्या, "हाव. शेर आया तो तुम कढईमेच बैठना. उबला हुआ आदमी उसको नही चलता." तो माणूस मोठ्यानं हसला. बाई हसल्या नाहीत, म्हणून तो घाबरून आत गेला. हा किस्सा बाईंनी आम्हाला इतक्यांदा सांगितला की शेवटी त्यात त्या माणसाची चड्डीही भीतीनं ओली झाली.

मास्क लावा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. रिसॉर्टनं कापडी मास्क दिला होता, धूळ अडवणारा. क्लोरीनपुढे त्याचा उपयोग नाही. तरी तोही त्या गळ्यातच ठेवायच्या.

"मास्क लावला का आवाज निंगत नाई. मंग वांदर कसे हाकलू? हात जोडू?"

त्या शनिवारी सकाळचे पाहुणे टबातून निघाले आणि पाणी धुरकट दिसलं. संध्याकाळी नवीन मंडळी येणार होती. बाईंनी दुपारी शॉक दिला, पंप लावला आणि बांबू घेऊन बसल्या. कठड्यावर वानरांची टोळी होती. त्यात एक पिल्लूवाली होती.

तेवढ्यात ती नवीन मंडळी आधीच येऊन धडकली. गाड्या भरून. ओट्याजवळच्या टेबलांवर जेवायला बसली. स्वयंपाकघरात पोळ्या कमी पडल्या. मॅनेजर ओट्यापर्यंत आला आणि म्हणाला, "बाई, चला, पोळ्या लाटायला."

"साहेब, इथी माणूस पाह्यजे. पाणी उघडं हाय."

"पाण्याला काय होतंय? चला लवकर."

बाईंनी दुसरं माणूस मागितलं. दिलं नाही. त्या उठल्या तशी पिल्लूवाली कठड्यावरून खाली उतरली. शनिवार होता, मारुतीचा वार. बाईंनी झाकण ओढून टबावर लावलं आणि पोळ्या लाटायला गेल्या.

झाकणाखाली वायू साठत राहिला. तिकडे बाईंनी ढीगभर पोळ्या लाटल्या. मग निरोप आला, पाहुण्यांना टबाचे फोटो हवेत, झाकण काढा. बाई पिठाच्या हातांनी धावत गेल्या आणि वाकून झाकण उचललं. सगळं तोंडावर आलं.

पुढचं मला तिथल्या माळ्यानं सांगितलं, तेही गावाबाहेर नेऊन. बाई ओट्यावर बसल्या. डोळे उघडेनात, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. टॉवेल गुंडाळलेले पाहुणे वासानं मागे सरकले. एकानं पोराला उचलून नेलं. एका बाईनं आपली पाण्याची बाटली दिली. त्या पाण्यानं माळ्यानं बाईंचे डोळे धुतले. मग बाईंना मोटरसायकलवर मधे बसवून घरी आणून सोडलं. दवाखान्यात नाही, घरी. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात मी नेलं त्यांना.

त्या बऱ्या झाल्या असं म्हणायला मन धजत नाही. चूल पेटली की खोकला. चार पावलं चढ लागला की थांबायच्या. तरी पदरानं हवा घालणं चालूच. आणि रिसॉर्टनं सांगितलं, आता येऊ नका.

मी मॅनेजरकडे गेले. नागपूरचा पोरगा, माझ्याच वयाचा, चहा विचारणारा.

"ताई, झाकण त्यांनीच लावलं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, शॉकनंतर झाकण लावायचं नाही. आम्ही काय करणार?"

"त्यांना तिथून उठवलं कोणी?"

"कोणीच नाही. त्या आपल्या मनानं किचनमध्ये गेल्या."

मी चहा न घेता उठले. घरी येऊन पत्रक लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की मॅनेजरनं झाकण लावायला लावलं. बाईंना वाचून दाखवलं. त्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"खोटं नोको लिहू," त्या म्हणाल्या.

"बाई, खरं लिहिलं तर तुमचीच चूक ठरेल. इलाजाचा खर्चही मिळणार नाही आणि कामही."

"झाकण मीच लावलं. वांदरीच्या पोरासाठी लावलं. थे काय मॅनेजरनं सांगतलं? त्याले वांदर दिसते तरी का?" मग खोकला. "थो म्हणते मी आपल्या मनानं गेली, हे त्याचं खोटं. त्याच्या खोट्यावर तू आपलं खोटं ठेवशीन, तं मंग मी कुठी बसू?"

मी तो कागद फाडला. माझी चडफड अजून जात नाही. रात्र रात्र वाटतं, लिहायला हवं होतं, एवढ्याशा ओळीनं काय बिघडलं असतं. पण बोलणं बाईंचं होतं आणि श्वासही बाईंचाच होता. चंद्रपूरच्या कामगार कार्यालयात अर्ज दिलाय तो खऱ्या हकिकतीचा. झाकण बाईंनी लावलं. बाईंना तिथून उठवलं आणि मागितलेलं माणूस दिलं नाही. पहिला भाग सगळे मान्य करतात. दुसऱ्याला साक्षीदार नाही. माळ्यानं ते ऐकलं होतं, पण तो बोलणार नाही, त्याचं घर त्या पगारावर आहे. मी त्याला दोष देत नाही.

बाई आता इथे नाहीत. जिवतीला बहिणीकडे आहेत. तिच्याकडे गॅस आहे, धूर नाही, म्हणून. शेजारची खोली बंद आहे आणि तिची किल्ली माझ्याकडे आहे. फोन केला तर दोन वाक्यांत दम लागतो, तरी टोमणा आधी मारतात. "मिळाला का तुले कोणी बोलणारा? का फक्त कागदच फाडून राह्यली?"

नाही मिळाला. म्हणून हे लिहिलं.

रिसॉर्टमध्ये जाणारे लोक मराठी वाचतात. त्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी हातात हा कागद पडेलच. तुम्ही ओट्यापासून हाकेच्या अंतरावर बसला होतात. मॅनेजर तुमच्या समोरून ओट्याकडे गेला, त्यानं बाईंना हाक मारली, बाईंनी माणूस मागितलं, हे तुमच्या कानावर पडलं. मग तुमच्या ताटात गरम पोळी आली. चंद्रपूरच्या कामगार कार्यालयात या आणि ऐकलं तेवढंच सांगा.